मैदानाचा माल, मंचाची रात्र: झाडीपट्टीच्या कलावंतांनी स्पोर्ट्सच्या दुकानातून काय घ्यावं, काय घेऊ नये

दिवाळी आटोपली की वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, कुरखेडा, लाखांदूर या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दोन हंगाम एकदम सुरू होतात. धान निघून मोकळ्या झालेल्या बांधीत नाटकाचा मंच उभा राहतो आणि त्याच गावात हॅलोजन लावून कबड्डीचे सामने होतात. दोन्हीकडे गुडघे दुखतात, घोटे लचकतात, घसे बसतात. आणि दुखलं की दोघंही त्याच दुकानात जातात: तालुक्याचं स्पोर्ट्सचं दुकान, नाहीतर मेडिकल. गुडघ्याचा पट्टा, क्रेप पट्टी, दुखण्यावरचा स्प्रे, बूट, ओआरएस. यातला बहुतेक माल खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. मंचावर तो किती चालतो, कुठे फसतो आणि का फसतो, याचं हे परीक्षण आहे. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण खरा फरक बनावटीत असतो आणि तो दुकानात हाताने तपासता येतो.

आधी दोन्ही कामांचा भार नीट समजून घ्यावा लागेल, नाहीतर खरेदी चुकते.

पुरुषांचा कबड्डी सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांचा, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. मुख्य चढाईपटूने सामन्यात २० चढाया केल्या आणि प्रत्येक चढाई शेवटच्या सेकंदापर्यंत ताणली, तरी त्याची प्रत्यक्ष चढाई १० मिनिटांच्या वर जात नाही. त्या १० मिनिटांत मात्र शरीर पूर्ण ताकदीने काम करतं आणि दर चढाईनंतर श्वास जागेवर यायला वेळ मिळतो. पकड करणाऱ्यांचंही तसंच: दोन-तीन सेकंदांचा स्फोट, मग उसंत.

झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाच्या आगेमागे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नायिकेच्या वाट्याला प्रवेश, पदं, रडणं, पाय धरणं. लावणी नाचणारीच्या वाट्याला सहा-आठ मिनिटांचं नृत्य आणि वर 'वन्स मोर'. खलनायकाच्या वाट्याला आरडाओरडा आणि मारामारी. विनोदी नटाच्या वाट्याला पडणं, उठणं, पुन्हा पडणं. एका गाण्यात कलावंताची जी दमछाक होते ती चढाईइतकी टोकाची नसते, पण ती सलग टिकते. त्यानंतर येते अर्ध्या-पाऊण तासाची वाट. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली गेलेला असताना विंगेत बसून घाम वाळतो, पोटऱ्या आखडतात आणि थंड पडलेल्या पायांनी पुन्हा उडी मारावी लागते. पहाटे प्रयोग संपला की गाडीत बसायचं, दिवसा मिळेल तेवढं झोपायचं, रात्री दुसऱ्या गावात तेच. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आठवड्याला ८ प्रयोग हा शिरस्ता आहे आणि तिथला प्रयोग साधारण अडीच तासांचा असतो. आपल्याकडे एकच प्रयोग त्याच्या दुपटीहून मोठा, वर रोजचा प्रवास.

म्हणून खेळाच्या सामानातली पहिली खरेदी पट्ट्याची किंवा स्प्रेची करू नये. पहिली खरेदी अंग गरम ठेवणाऱ्या कपड्यांची करावी. राखीव खेळाडू ट्रॅकसूट घालून बाहेर बसतो ते याचसाठी. मंचावरच्यांनी चेन लावायचं ट्रॅक जॅकेट घ्यावं. डोक्यातून घालायचं घेऊ नये, गजरा आणि मेकअप दोन्ही बिघडतात. खांद्यावरची शाल पाठ झाकते, पोटऱ्या उघड्याच राहतात, आणि थंडीत आधी धोका पोटरीला असतो. नऊवारीवर ट्रॅकपँट चढत नाही. तिथे गुडघ्यापर्यंतचे जाड लोकरी मोजे तळवा कापून वापरावेत: घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढवता येतात, प्रवेश आला की दहा सेकंदांत निघतात. फुटबॉलचे लांब मोजेही चालतात, पण ते नायलॉनचे असतात. ऊब कमी, घाम जास्त. पुरुषांसाठी बाजूला चेन असलेली ट्रॅकपँट उत्तम, बूट न काढता उतरते.

कपडे असले तरी हालचाल लागतेच. रात्रीच्या पहिल्या प्रवेशाआधी ८ ते १० मिनिटं: घोटे, गुडघे, कंबर, खांदे फिरवणं, अर्ध्या बैठका १५, टाचा उचलणं २०, जागच्या जागी हलक्या उड्या. पाय ताणून मिनिटभर धरून ठेवण्याचे प्रकार नाचाच्या अगदी आधी करू नयेत. त्याने स्नायूचा झटका थोडा मंदावतो. ते प्रयोगानंतर करावेत. वाट पाहणं लांबलं तर पुढच्या प्रवेशाआधी पुन्हा दोन-तीन मिनिटं अंग चाळवायचं. हे फुकटचं आहे आणि खालच्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त उपयोगाचं.

दमाची सामग्री

खेळ आणि नाटक यांतला सगळ्यात मोठा फरक श्वासात आहे, आणि याच बाबतीत चुकीचा माल सर्वांत जास्त विकला जातो.

धावणारा खेळाडू हवा तेव्हा श्वास घेतो. कबड्डीपटूला ती मुभा नाही. मधली रेषा ओलांडण्याआधी छाती भरून घ्यायची आणि परत येईपर्यंत 'कबड्डी, कबड्डी' सोडत्या श्वासावर म्हणत राहायचं. मध्येच दम घेतला की चढाई गेली. गाणाऱ्या कलावंताचं काम याच्या जवळचं आहे, पण जास्त बारीक. नाचताना शरीर मिनिटाला तीस-चाळीस श्वास मागतं. पद मात्र ओळ संपल्यावरच श्वासाला जागा देतं. दम रोखून धरला की सूर चढतो, घाईत सोडला की शब्द अर्धा पडतो. शिवाय कबड्डीचा दम पंचाला ऐकू गेला म्हणजे झालं. पदाचा सूर मंडपात शेवटी बसलेल्या म्हातारीपर्यंत खरा जावा लागतो.

मेडिकलमध्ये तीन गोळ्यांचं श्वास व्यायामाचं यंत्र मिळतं. नळीतून ओढलं की गोळ्या वर जातात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, म्हणजे सेकंदाला इतके घनसेंटिमीटर हवा ओढली. ऑपरेशननंतर फुप्फुसं उघडावीत म्हणून ते बनवलेलं आहे. ते श्वास ओढायला शिकवतं. गायनाची गरज श्वास हळूहळू, सारख्या दाबाने सोडण्याची असते. यंत्र उलटं धरून फुंकर मारता येते, पण तिथेही गोळी वर न्यायला जोराची फुंकर लागते, संथ नाही. नुकसान नाही, पण मंचासाठी यावर पैसे घालू नयेत. त्याऐवजी दातांतून 'स्स्स' असा आवाज एकाच जोरात २० सेकंद, मग २५, मग ३० सेकंद काढावा. त्यानंतर धुऱ्यावरून झपाझप चालत एक कडवं गावं. चालताना जिथे श्वास तुटतो, नाचताना तिथेच तुटणार. ती जागा पायपेटीवाल्याला आणि नाच बसवणाऱ्याला दाखवावी. उडी आणि लांब सूर एकत्र ठेवू नये, कारण खाली आपटताना पोट आवळलं जातं, घसा क्षणभर बंद होतो आणि सूर फाटतो. गिरकी आणि उडी वाद्यांच्या तुकड्यावर, लांब सूर स्थिर पायावर. जिथे गाणारी वेगळी आणि नाचणारी वेगळी असते तिथे हा प्रश्न येत नाही. तिथे पायांवर दुप्पट भर टाकला तरी चालतो.

पोटाचा पट्टा हा दुसरा चुकीचा माल. वजन उचलणारे रुंद पट्टा बांधतात कारण त्यांना श्वास रोखून पोटात दाब तयार करायचा असतो. गाणाऱ्याला नेमकं उलट हवं: श्वास घेताना पोट आणि खालच्या फासळ्या मोकळ्या सुटायला हव्यात. पट्टा आवळला की श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, खांदे वर जातात, मान ताणते आणि तिसऱ्या प्रवेशापर्यंत आवाज खरखरतो. कंबरपट्टा आणि नऊवारीची गाठ यांनाही हेच लागू आहे. पूर्ण श्वास भरून, त्या अवस्थेत गाठ बांधावी. वजनाचा पट्टा मंडळाने घेतलाच तर तो सीनसीनरी उचलणाऱ्यांसाठी घ्यावा; ट्रकमधून लोखंडी चौकटी उतरवताना तो कामी येतो.

गुडघा

दुकानात तीन प्रकार मिळतात. पहिला विणलेला, ताणणारा पट्टा. दुसरा जाड रबरी कापडाचा, म्हणजे निओप्रीनचा. तिसरा समोर फोमची गादी असलेला, व्हॉलीबॉलवाले वापरतात तो.

विणलेला पट्टा आधारापेक्षा ऊब देतो. साडीखाली दिसत नाही, स्वस्त असतो. तीन-चार तासांत मात्र तो घामाने खाली सरकतो आणि पोटरीवर गोळा होतो. आतल्या बाजूला सिलिकॉनची पट्टी असलेला घ्यावा, तो सरकत नाही. मापात सगळे चुकतात. 'घट्ट बसला म्हणजे आधार जास्त' असं समजून एक माप लहान घेतलं जातं, मग गुडघ्याच्या मागची नस दाबली जाते, पाय सुजतो, मुंग्या येतात. पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध फितीने घेर मोजावा, पाकिटावरच्या तक्त्याशी जुळवावा, आणि घातल्यावर वरच्या कडेखाली दोन बोटं शिरायला हवीत. गाडीतल्या प्रवासात पट्टा काढून ठेवावा. दुमडलेल्या गुडघ्यावर तो चार तास राहिला तर दुखणं वाढतं.

निओप्रीनचा पट्टा थंडीच्या रात्रीसाठी चांगला. घाम मात्र बाहेर पडू देत नाही, म्हणून रोजच्या वापरात गुडघ्यामागे पुरळ उठते. दोन जोड्या हव्यात, एक वाळत असताना दुसरी अंगावर.

मंचासाठी खरी गरज तिसऱ्याची आहे. कबड्डीचं मैदान भुसभुशीत मातीचं किंवा मॅटचं असतं. गुडघा टेकला तर जमीन थोडी दबते. आपला मंच म्हणजे बल्ल्यांवर टाकलेल्या फळ्या आणि त्यावर सतरंजी. फळीच्या मधोमध थोडा लवचीकपणा असतो, पण जिथे ती आडव्या बल्लीवर टेकते तिथे ती दगडासारखी कडक. 'बाबा, मला घराबाहेर काढू नका' म्हणत गुडघ्यावर कोसळणाऱ्या नायिकेला प्रकाशात ती जागा दिसत नाही. गादीचा पट्टा घेताना अंगठ्याने फोम दाबून पाहावा. पलीकडचं बोट जाणवलं तर तो नुसता स्पंज आहे, फळीवर काही कामाचा नाही. चांगला फोम दाबला की प्रतिकार करतो आणि लगेच मूळ आकारात येतो. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडी पुरे. त्याहून जाड घेतला तर चालताना साडीतून उठून दिसतो आणि उकिडवं बसता येत नाही.

धातूची बिजागरी असलेला पट्टा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. कबड्डीत तो समोरच्याला लागतो. मंचावर त्यात लुगड्याचा काठ अडकतो.

पाय आणि पायातलं

कबड्डीचे मॅटवरचे बूट दिसायला आकर्षक असतात आणि तरुण नट ते हौसेने घेतात. त्यांचा गम रबराचा तळवा मॅटला चिकटून राहावा म्हणूनच केलेला असतो. सतरंजीवर हा गुण घातक ठरतो. गिरकी घेताना शरीर फिरतं, तळवा जागीच चिकटतो आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या आतले अस्थिबंध आणि गादी अशाच पिळाने दुखावतात. दुसरं टोक रेक्झीनच्या गुळगुळीत तळव्याच्या बुटांचं: पोलीस, जमीनदार, खलनायक यांच्या वेशात तेच असतात आणि मारामारीच्या प्रवेशात घसरतात. मधला मार्ग साधा आहे. शाळेच्या पीटीचे पातळ तळव्याचे कॅनव्हास बूट नाचाला आणि विनोदी पात्राला चांगले. वेशाच्या बुटांना चांभाराकडून पुढच्या अर्ध्या तळव्याला पातळ रबराचा तुकडा लावून घ्यावा. टाच तशीच गुळगुळीत ठेवावी, म्हणजे टाचेवर वळता येतं. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत. दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि प्रयोगाच्या वेळी तो तसाच असतो.

अनवाणी नाचणाऱ्यांसाठी कुठलीच खरेदी नाही, एक काम मात्र आहे. प्रयोगाआधी दिवे पूर्ण लावून मंचावर अनवाणी एक फेरी मारायची. फळ्यांमधली फट, वर आलेला खिळा, सतरंजीची चुणी शोधायची. फटीवर खालून पट्टी ठोकायची, निदान वरून पांढरी चिकटपट्टी लावून खूण करायची. सतरंजी चारही बाजूंनी ताणून कडेला खिळवायची. कबड्डीच्या आयोजकांनी मैदान चाळून, पाणी शिंपडून तयार केल्याशिवाय पंच सामना सुरू करत नाहीत. मंचाची अशी पाहणी नाटकाच्या आयोजकांनीही रिवाज म्हणून करावी.

घुंगरांचा चाळ दुकानात मिळत नाही, पण त्याबद्दल बोलल्याशिवाय पायांचा विषय पुरा होत नाही. शंभर घुंगरांचा चाळ घुंगराच्या आकारानुसार एका पायाला किलोभर किंवा त्याहूनही जास्त भरतो. खेळाचे प्रशिक्षक घोट्याला वजन बांधून धावायला नको म्हणतात, कारण पाऊल फेकताना ते वजन गुडघ्याला आणि नडगीला झटका देतं. लावणी नाचणारी तेच वजन बांधून पाय आपटते. म्हणून चाळाखाली चार बोटं रुंद सुती कापडाची पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळावी. चाळ घोट्याच्या हाडावर येऊ देऊ नये, त्याच्या वर बांधावा आणि टाचेमागची शीर मोकळी ठेवावी. चामड्यावर शिवलेला चाळ वजन सगळीकडे सारखं वाटून देतो, पण घामाने चामडं कडक होतं आणि कडा कापतात. दोरीत ओवलेला चाळ पायाच्या आकाराला बसतो. त्याची दोरी दर काही प्रयोगांनी तपासावी, कारण सुटलेलं घुंगरू अनवाणी पायाखाली आलं तर ती जखम पुढचे कित्येक प्रयोग पुरते.

क्रेप पट्टी, स्प्रे आणि शेकोटी

क्रेप पट्टी ही या सगळ्यात पैशाला पुरून उरणारी वस्तू आहे. घोट्याला १० सेंटिमीटर रुंदीची, गुडघ्याला १५ ची. ताणून पाहावी: चांगली पट्टी सोडल्यावर पुन्हा आखडते, हलकी पट्टी एका धुण्यात चिंधी होते. बांधताना बोटांच्या बाजूने सुरुवात करायची, पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं, पावलावरून घोट्यामागे आणि परत पुढे असे मराठी चारच्या आकड्यासारखे वेढे घ्यायचे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा यायला हवा. खाली जास्त घट्ट, वर जाताना सैल. बोटं निळसर पडली किंवा गार लागली तर लगेच सोडून पुन्हा बांधायची. झोपताना काढायची.

स्प्रे आणि बाम यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मेंथॉलने थंड वाटतं, मिथाइल सॅलिसिलेटने गरम वाटतं, आणि दोन्हींनी दुखण्याची जाणीव काही वेळ झाकली जाते. कबड्डीत पाच मिनिटांचा सामना उरला असेल तर ते समजू शकतं. नाटकाचे चार तास बाकी असताना दुखणं झाकून नाचलं तर लचकेचं रूपांतर फाटण्यात होऊ शकतं. स्प्रे मारून वरून घट्ट क्रेप पट्टी किंवा निओप्रीन बांधू नये, औषध आत कोंडून कातडी भाजते. फुटलेल्या कातडीवर मारू नये. हात धुतल्याशिवाय डोळ्यांचा मेकअप करू नये.

सगळ्यात महत्त्वाचं: विंगेमागे शेकोटी असते. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो, आणि डबा तापला तर फुटतो. शेकोटीजवळ, बिडीजवळ, ग्रीन रूममधल्या स्टोव्हजवळ स्प्रे मारणं म्हणजे मंडपाला आग लावण्याची तयारी आहे. मंडप कापडाचा, बाजूला तणसाचे ढीग, आत शेकडो माणसं. मंडळांनी स्प्रेऐवजी ट्यूबमधलं जेल घ्यावं, ही आमची ठाम शिफारस आहे.

ताज्या लचकेला शेकोटीचा शेक देण्याची पद्धतही सोडायला हवी. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस शेकाने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. बर्फ थेट कातडीवर नको. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेत, आइसगोळा आणि कोल्ड्रिंकवाले असतातच. प्रयोगाआधी एक थर्मासभर बर्फ मागून ठेवला तर शहरातला आइसपॅक घ्यायची गरज नाही. पायावर भार देता आला नाही, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखलं, तर पट्टी बांधून नाचवू नये. एक्स-रे काढावा.

पाणी, ओआरएस आणि घसा

ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे का ते वाचावं: १ लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम. मोठं पाकीट लिटरला, छोटं २०० मिलिलिटरला. मोठं पाकीट एका ग्लासात ओतणं ही नेहमीची चूक. त्याने तहान वाढते आणि पोट बिघडतं. गोड, रंगीत पेयांच्या डब्यांवर पूर्वी 'ओआरएस' लिहिलेलं असायचं. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या प्रमाणात न बसणाऱ्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

दिवाळीआधीच्या उकाड्यातल्या तालमींना आणि दुपारच्या सामन्यांना ओआरएस योग्य. जानेवारीच्या रात्री मात्र बहुतेक कलावंतांना साधं कोमट पाणी आणि जेवण पुरतं. एनर्जी ड्रिंक रात्री दोनला घेतलं तर पहाटे गाडीत झोप लागत नाही, आणि दुसऱ्या रात्रीच्या आवाजासाठी झोपेइतकं औषध नाही.

पाण्याचा खरा प्रश्न दुकानात सुटणारा नाही. स्त्री कलावंत रात्रभर पाणी कमी पितात, कारण मंचाजवळ शौचालय नसतं आणि नऊवारी सोडून पुन्हा नेसायला वेळ नसतो. पाणी कमी पडलं की पोटरीत गोळे येतात, आवाज कोरडा पडतो, लघवीच्या मार्गाचा संसर्ग होतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, या कलेचा मान देशाने केला. तिकिटं विकून नाटक कंपनी बोलावणाऱ्या गावाने ग्रीन रूमला लागून एक पडद्याचं, पाणी आणि दिवा असलेलं स्वच्छतागृह उभारावं. सौदा करताना कंपनीने ते मानधनाच्या बरोबरीने लिहून घ्यावं.

घशासाठी वाफेचं यंत्र घ्यायला हरकत नाही, पण उकळत्या पाण्याचं पातेलं आणि टॉवेल तेच काम करतं. ५ ते १० मिनिटं साधी वाफ. त्यात बाम टाकू नये, मेंथॉल घसा सुकवतं. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही. ते रक्तातून पोहोचायला वेळ लागतो. म्हणून प्रवेशाआधी घटाघट प्यायल्याने काही होत नाही, दुपारपासून घोट घोट प्यावं लागतं. बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून ओरडू नये. खलनायकाने प्रत्येक वाक्य ओरडण्यापेक्षा टांगलेल्या माइकखाली दोन पावलं सरकावं. आवाज बसलाच तर कुजबुजही करू नये, त्यानेही तंतूंवर ताण येतो. गप्प राहणं हाच उपाय. दोन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं.

दिवसाच्या झोपेसाठी कानात घालायचे फोमचे बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी या दोन वस्तू फार कमी पैशांत येतात आणि अख्ख्या कंपनीने घ्याव्यात.

२५-३० जणांच्या कंपनीच्या पेटीत हंगामाच्या सुरुवातीला एवढं असावं: १० सेंटिमीटरच्या क्रेप पट्ट्या ६, १५ च्या ३, गादीचे गुडघेपट्टे ४ जोड, दुखण्यावरच्या जेलच्या २ ट्यूब, ओआरएसची मोठी पाकिटं १०, जंतुनाशक, कापूस, चिकटपट्टी, कात्री, बर्फासाठी रुंद तोंडाचा थर्मास आणि हातोडी. हातोडी खिळ्यांसाठी. पेटी सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नये. ट्रक आधी निघतो आणि लचक बहुतेक शेवटच्या अंकात भरते. कलावंतांच्या गाडीत, चालकाच्या मागच्या सीटखाली ती राहावी आणि किल्ली एकाच माणसाकडे असावी.